हिरवी वायर

परवा तसबिरीसाठी भिंतीला भोक पाडायला जुनं, धातूच्या बॉडीचं ड्रिल काढलं. प्लग तुटलेला. नेहमीप्रमाणे दोन वायरी आगकाड्यांनी सॉकेटात खोचल्या. हिरवी लोंबत ठेवली.

"आजोबा, ही कुठे लावायची?" लोखंडी स्टूल धरून उभ्या नातीने विचारलं.

मी गप्प. अर्थिंगची पिन लांब का? आधी जोडली जावी, शेवटी सुटावी म्हणून. मराठीचा मास्तर असूनही ऑफ तासाला हे मीच मुलांना सांगितलेलं! ड्रिलमध्ये वीज उतरली असती तर माझ्यातून स्टुलात, स्टुलातून तिच्या हातात...

स्टुलावरून उतरलो. संध्याकाळी वायरमनने नवा प्लग बसवला, शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तसबीर दुसऱ्या दिवशी लागली.

मंडळी, तुमच्या सॉकेटात काड्या नाहीत ना?