पेरणीआधीचे दिवस

२५ मे
आज रोहिणी निघाली. सासूबाईंनी बियाण्याचं सोयाबीन बाहेर काढायला लावलं. मळणीयंत्राचा वेग कमी ठेवून हे बी गेल्या सुगीत वेगळं काढलं होतं. सोयाबीनचं साल पातळ, आणि कोंब सालीला लागूनच असतो. पोतं आपटलं की तो दुखावतो, वरून मात्र काहीच दिसत नाही. म्हणून पोती फेकायची नाहीत, थप्पी उंच लावायची नाही, हा आमच्या घरचा दंडक.

२७ मे
उगवण बघायला गोणपाट भिजवलं. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून गुंडाळी करायची आणि ती ओली ठेवायची. थोरली लेक टपोरे दाणे वेचायला लागली, तशा सासूबाई म्हणाल्या, "बाई, रानात काय निवडकच दाणे पडणार हायेत का? हात घाल, येतील ते घे."
दिवसभर ते बोलणं मनात राहिलं. घरचा जमाखर्च मांडताना, पोरांचं कौतुक सांगताना आपण टपोरे दाणेच पुढे करतो. मग अडचणीच्या वेळी अंदाज चुकतो आणि दोष नशिबाला देतो.

३ जून
गुंडाळी उलगडली. शंभरातले ७८ उगवले. सत्तरच्या वर म्हणजे एकरी ३० किलो बी पुरे. कमी भरले असते तर बी वाढवावं लागलं असतं. शेजारच्या भाऊजींनी पिशवीबंद बी आणलंय. "तेही भिजवून बघा," म्हटलं. "पिशवीवर छापलंय की, वहिनी!" म्हणाले.

९ जून
काल मृगाचा पाऊस दणकून झाला. रात्रीच गावात ट्रॅक्टर सुरू झाले. सकाळी ह्यांनी रानात उकरून पाहिलं: वर चार बोटं ओल, खाली फुफाटा. कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, ते याचसाठी. अर्धवट ओलीवर दाणा फुगतो; एकदा फुगलेला दाणा पुन्हा पोत्यात भरता येत नाही.
थांबणं सोपं नाही. सगळं शिवार पेरत असताना आपलं रान मोकळं दिसतं, पारावरचे लोक विचारतात. तरी घाई करणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला मोकळं रान बघवत नाही. ती घाई भीतीतून येते.

१७ जून
कडक ऊन. आधी पेरलेल्या रानातले कोंब करपले. बी, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं पुन्हा. भाऊजी ओट्यावर येऊन गप्प बसले. "आम्ही म्हणत नव्हतो का?" असं सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. जास्तीच्या बियांतलं एक पोतं त्यांच्याकडे पाठवलं. "सुगीला माप परत द्या," एवढंच. मला हे उगवणीच्या परीक्षेपेक्षा मोठं वाटतं. बरोबर ठरलेल्या माणसाने गप्प राहणं फार कमी घरांत पाहिलंय.

२५ जून
आर्द्रा भरून बरसल्या, मग उघाड मिळाली. आज वाफसा आला: माती पायाला चिकटत नाही, मुठीत दाबलेला गोळा बोटाने फुटतो. बियाण्याला रायझोबियम चोळून सावलीत सुकवलं. उन्हात ते जिवाणू मरतात. दाणा दोन बोटांपेक्षा खोल जाऊ द्यायचा नाही, म्हणून हे पेरणीयंत्रामागे चालत राहिले. दुपारनंतर तेच यंत्र भाऊजींच्या रानात गेलं.

२ जुलै
ओळी लागल्या, दोन्ही रानांत. माहेरी अजून पाऊस पुरता नाही. भावाचा फोन आला, आवाजात धास्ती होती. त्याला सांगितलं, दादा, शंभर दाणे आजच भिजव, आणि खालची ओल हाताने बघितल्याशिवाय यंत्र बोलावू नको. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येतं. तुला उशीर झालेला नाही.