कागदावरचे संकेतस्थळ

घर बांधायचे ठरले, की मनुष्य प्रथम भिंतींच्या रंगाचा विचार करू लागतो. पाया किती खोल घ्यावा, पाणी कोठून आणावे, पावसाची झड ओसरीवर येईल की काय, हे प्रश्न गवंड्याने विचारले म्हणजे मग तो भानावर येतो. संकेतस्थळाचा प्रकारही याहून निराळा नाही. आमच्या गावच्या वाचनालयाने स्वतःचे संकेतस्थळ काढावे, असे कार्यकारी मंडळाच्या सभेत ठरले व त्याची आखणी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला याचा चांगलाच प्रत्यय आला.

सभा संपते न संपते तोच सूचनांचा वर्षाव सुरू झाला. एका सभासदांना मुखपृष्ठावर हलणारी फुले हवी होती. दुसऱ्यांना इमारतीचे भव्य छायाचित्र हवे होते. तिसऱ्यांचा आग्रह असा, की पान उघडताक्षणी सनई वाजली पाहिजे. अध्यक्षांच्या मनोगताला अग्रस्थान मिळावे, याविषयी मात्र सर्वांचे, विशेषतः अध्यक्षांचे, एकमत होते. मी साऱ्या सूचना मुकाट्याने वहीत टिपून घेतल्या आणि संगणकाला हात न लावता बाजारातून कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणला.

चिठ्ठ्या कशाला, असे तुम्ही विचाराल. पुढचे आठ दिवस मी ग्रंथपालांच्या मेजाशेजारी बसून राहिलो आणि येणारा प्रत्येक जण काय विचारतो, ते लिहीत गेलो. एक प्रश्न, एक चिठ्ठी. ‘वाचनालय किती वाजेपर्यंत उघडे असते?’ ‘हे पुस्तक आहे, की कोणी नेले आहे?’ ‘अनामत किती भरावी लागेल?’ परगावी नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी दूरध्वनीवरून आपल्या आजोबांची कथा छापून आलेल्या जुन्या दिवाळी अंकाची चौकशी केली. दृष्टी गेलेल्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या आणि नव्या पुस्तकांची यादी कोणी वाचून दाखवील का, असे विचारू लागल्या. आठवड्याच्या अखेरीस साठ-सत्तर चिठ्ठ्या जमल्या. त्यांत सनईची मागणी एकही नव्हती.

शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारे त्यांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा, असे सांगतो. संगणक घरोघर येण्याच्या कितीतरी आधी सांगितलेला हा नियम संकेतस्थळालाही तंतोतंत लागू पडतो, याचे मला मोठे कौतुक वाटते.

आता प्रश्न होता तो चिठ्ठ्यांचे गट पाडण्याचा. मंडळाने ‘संस्थेविषयी’, ‘सेवा’, ‘उपक्रम’ अशी भारदस्त नावे योजून ठेवली होती. मी त्या चिठ्ठ्या बालविभागातील मुलांपुढे पसरल्या व म्हणालो, “ज्या एकत्र असाव्यात असे वाटते, त्या एकत्र ठेवा आणि प्रत्येक गटाला नाव द्या.” सहावीतील एका मुलीने अनामत, पुस्तकांची यादी आणि परत करण्याची मुदत या चिठ्ठ्या एकावर एक रचल्या व वर लिहिले, ‘पुस्तक हवे आहे’. मी विचारले, “याला ‘सेवा’ म्हटले तर?” ती म्हणाली, “काका, सेवा म्हणजे काय मिळेल, ते कसे कळणार?” मंडळाचे नाव खोडून मी तिचे नाव ठेवले.

जागतिक जाळ्याची पहिली आखणीही अशीच कागदावर झाली होती. जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत नाना देशांचे शास्त्रज्ञ येत, काही काळ काम करीत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर बरीचशी माहितीही निघून जाई. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी यावर उपाय सुचविणारे एक टिपण लिहिले व कोणती माहिती कशाशी जोडावी, हे पहिल्याच पानावर आकृती व बाण काढून दाखविले. त्यांचे वरिष्ठ माइक सेन्डल यांनी त्यावर ‘मोघम, पण चित्तवेधक’ अशा अर्थाचा शेरा मारला. १९९० च्या अखेरीस तेथे जगातले पहिले संकेतस्थळ चालू झाले, ते निव्वळ मजकुराचे व दुव्यांचे होते.

त्या भव्य छायाचित्राचा निकाल मी गणिताने लावला. ५ मेगाबाइटचे चित्र म्हणजे ४० मेगाबिट. गावाच्या कडेला भ्रमणध्वनीवर सेकंदाला १ मेगाबिट एवढीच गती मिळाली, तर ते उमटायला ४० सेकंद लागणार! तोवर घड्याळाकडे पाहत कोण बसेल? चित्र लहान करण्याचे ठरले. आजींसाठी आणखी एक गोष्ट नक्की केली. मंडळाचा बेत कागदी सूचनांची छायाचित्रे काढून तीच लावावी असा होता. परंतु पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी जी साधने आहेत, त्यांना टंकलिखित अक्षरे जशी निश्चितपणे वाचता येतात, तशी चित्रातली येत नाहीत. म्हणून प्रत्येक सूचना युनिकोड देवनागरीत टंकित करावयाची आणि प्रत्येक चित्रासोबत त्याचे वर्णन लिहावयाचे, असे आराखड्यात घातले.

मग प्रत्येक पानासमोर ते ताजे ठेवणाऱ्याचे नाव लिहिले. ‘आगामी कार्यक्रम’ या पानासाठी कोणीच पुढे आले नाही. ते पान मी काढून टाकले. गेल्या वर्षीची व्याख्यानमाला ‘आगामी’ म्हणून दाखविण्यापेक्षा हे बरे.

हे सारे चालू असता ग्रंथपाल मात्र गप्प गप्प असत. एके दिवशी ते म्हणाले, “सगळे घरबसल्या कळू लागले, तर या पायऱ्या कोण चढणार?” प्रश्न वाजवी होता, आणि मजजवळ तयार उत्तर नव्हते. मी पुन्हा चिठ्ठ्या चाळू लागलो. एक चिठ्ठी कोणत्याच गटात न बसता तशीच उरली होती. दप्तर डोक्यावर धरून आलेल्या एका मुलाने विचारले होते, “पाऊस थांबेपर्यंत मी इथे बसू का? मी सभासद नाही.” ग्रंथपालांनी त्याला खुर्ची आणि एक गोष्टींचे पुस्तक दिले होते.

ती चिठ्ठी मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली व आराखड्याच्या पहिल्या पानावर, वेळांच्या खालीच, स्वतःच्या हाताने लिहिले : ‘वाचनकक्षात कोणीही यावे, बसावे. त्यासाठी सभासद असण्याची जरुरी नाही.’