कापडी दारांची जीप आणि बालाघाटच्या वाटा

बीड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, की त्याचे दोन भाग सहज वेगळे दिसतात. उत्तरेस गोदावरीच्या काठची गेवराई-माजलगावकडील काळी, सपाट जमीन. आणि पश्चिम-दक्षिणेस बालाघाटच्या रांगांवरील पाटोदा, आष्टी, धारूरकडचा मुरमाड, उंचसखल प्रदेश. पहिल्या भागात पावसाळ्यात चाक रुतते, दुसऱ्या भागात उन्हाळ्यात धुळीमुळे वाट दिसेनाशी होते. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून आहे. परंतु जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहराला रेल्वे मिळण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन उजाडावा लागला. तोपर्यंत या जिल्ह्याचा सारा प्रवास एसटी, बैलगाडी आणि जीप या तिघांच्या भरवशावर चालला. त्यांपैकी जीपच्या एका लहानशा अंगाविषयी, म्हणजे तिच्या काढता-घालता येणाऱ्या कापडी दारांविषयी, प्रस्तुत लेखात लिहीत आहे. निवृत्तीनंतर घेतलेल्या एका जुन्या जीपसोबत मी आणि सौ. गेली काही वर्षे नांदत आहोत. त्या सहवासातून जे कळले, ते वाचकांसमोर ठेवण्याजोगे वाटते.

मूळच्या जीपला दारेच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. सैनिकाला झटकन उडी मारून उतरता यावे, म्हणून दाराच्या जागी केवळ एक आडवा पट्टा असे. थंडी-पावसासाठी कापडी छत आणि बाजूचे पडदे लावण्याची सोय होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईच्या माझगावात परदेशी सुटे भाग जोडून जीप बनविण्यास आरंभ केला. पुढे ती पूर्णपणे भारतीय झाली आणि तहसील कार्यालय, पाटबंधारे, पोलीस, बँक अशा सर्वांच्या दारात उभी राहू लागली. कापडी छताची परंपरा मात्र टिकली. २०१० साली आलेली पहिली थार कापडी छताचीच होती, आणि २०२० साली आलेल्या दुसऱ्या पिढीतही पक्क्या छताबरोबर कापडी छताचा पर्याय ठेवलेला होता.

या दाराची रचना अगदी साधी असते. लोखंडी नळीची किंवा सळईची एक चौकट, तिच्यावर ताणून शिवलेले कॅनव्हास अथवा रेक्झिन, आणि वरच्या भागात काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिक. चौकटीच्या पुढच्या बाजूला खाली वळलेल्या दोन खुंट्या असतात. गाडीच्या अंगावर बसवलेल्या दोन कड्यांत त्या वरून सोडल्या, की दार बसले. सरळ वर उचलले, की निघाले. चारही बाजू मोकळ्या करायला पाच मिनिटे पुरतात. आमच्या घरी अंगणातल्या भिंतीवर लाकडी खुंट्या ठोकल्या असून उन्हाळ्यात ही दारे तिथे टांगलेली असतात. गाडी उघडी आणि दारे भिंतीवर, हे पाहून नव्या शेजाऱ्यांना प्रारंभी नवल वाटले होते.

उन्हाळा हा दारे काढण्याचा काळ, असा आपला समज असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा उघड्या गाडीत वारा लागेल, असे वाटते. प्रत्यक्षात दुपारी अकरानंतर तो वारा भट्टीच्या तोंडासारखा लागतो. म्हणून खेड्यातले जुने चालक सकाळी दारे काढून निघत, आणि दुपारी परतताना बसवून, प्लॅस्टिकची खिडकी चेन ओढून अर्धी उघडत. सावली आणि वारा यांचा तो मेळ पुस्तकात सापडणारा नाही.

धुळीचे शास्त्र याहून मनोरंजक आहे. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. पुढची दारे घट्ट लावून मागचा पडदा सैल ठेवला, तर गाडीने स्वतःच उडवलेली धूळ त्या पोकळीतून आत ओढली जाते. मुरमाच्या रस्त्यावर मागे बसलेल्या माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात त्या यामुळेच. त्यावर उपाय दोन: मागचा पडदा पट्ट्यांनी पूर्ण आवळावा, आणि पुढून थोडी हवा आत येऊ द्यावी. आतली हवा बाहेर पडू पाहते, म्हणून धूळ आत शिरत नाही. गती वाढली, की दाराची वरची कड बाहेर ओढली जाते आणि फडफड सुरू होते. धुळे-सोलापूर महामार्गावर शेजारून मोठ्या गाड्या वेगाने जात असतात. त्यांच्या नादी न लागता कापडी दाराच्या माणसाने साठच्या आत राहावे, हे उत्तम.

पावसाळ्यात कापडाची खरी परीक्षा होते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरातले, पण तो पाऊस येतो तेव्हा एखाद्या तासातच महिन्याची थकबाकी फेडल्यासारखा येतो. अशा वेळी सुती कॅनव्हासचा एक गुण ध्यानात येतो. ओले झाले, की त्याचे धागे फुगतात, वीण घट्ट मिटते आणि पाणी वरून ओघळून जाते. मात्र आतून त्याला बोट किंवा खांदा टेकला, की त्या ठिकाणी थेंब झिरपू लागतो. आमच्याकडे पावसात मुलांना ‘कापडाला हात लावू नका’ असे बजावत, ते याचसाठी. रेक्झिनला हा दोष नाही. परंतु ते उन्हाने तडकते, आणि आतल्या श्वासाची वाफ त्यावर धरते. शिवणीला सुती दोरा वापरला, तर तोही फुगून सुईची भोके बुजवतो. पॉलिएस्टरचा दोरा ऊन अधिक सोसतो. कुशनचे काम करणारे जाणते कारागीर कापड पाहून दोरा निवडतात. ज्या जिल्ह्याच्या शेतांतून कापूस वेचला जातो, त्याच जिल्ह्यात कापसाचे कापड दार म्हणून पाऊस अडवते, या गोष्टीचे मला कौतुक वाटते.

कापडाच्या सामर्थ्याविषयी बोलताना अंबाजोगाईची आठवण होणे अपरिहार्य आहे. योगेश्वरीचे आणि आद्यकवी मुकुंदराजांचे हे गाव. इथल्या परिसरात शैव लेणी आहेत, तशी जैन लेणीही आहेत. याच गावी संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी कागदाऐवजी लांबच लांब कापडावर ग्रंथ लिहिला. ती ‘पासोडी’ आज चार शतकांनंतरही अस्तित्वात आहे. निगा राखली तर कापड किती टिकते, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

निगा राखण्याचे नियम थोडे आहेत, पण ते मोडून चालत नाहीत. ओले कापड घडी करून ठेवू नये. बुरशी धरते आणि तो डाग जात नाही. साबणाच्या पावडरीने कॅनव्हास धुऊ नये. पाणी रोखण्याचा गुण धुऊन जातो. प्लॅस्टिकच्या खिडकीवरची धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये, आधी स्वच्छ पाणी ओतावे. अन्यथा धुळीचे कण ओरखडे पाडतात आणि वर्षभरात समोरचे झाड धुक्यातल्यासारखे दिसू लागते. डिसेंबरच्या पहाटे पाटोद्याकडे थंडी चांगलीच बोचते. तेव्हा हे प्लॅस्टिक ताठर होते आणि गुंडाळल्यास तडकते. म्हणून आधी ऊन लागू द्यावे. खिडकीच्या दोन पदरांमध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा घालावा. चेनवर मेणबत्ती घासावी, खुंट्यांना ग्रीस मात्र लावू नये, कारण त्याला धूळ चिकटून लेप बसतो. इतके केले, तर माझ्या अनुभवाप्रमाणे दारांची एक जोडी चार-पाच पावसाळे काढते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर घसारा दर वर्षी वीस ते पंचवीस टक्के; पण दुरुस्ती गावातच आणि अल्प खर्चात.

आता सुरक्षिततेविषयी. आयुष्य तिजोरीच्या किल्ल्या सांभाळण्यात गेलेल्या माणसाला ज्या दाराला कुलूपच नाही, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. कापडी दाराला कुलूप लावण्यात अर्थही नसतो. ज्याला आत जायचे आहे तो चेन उघडून हात घालील, आणि कुलूप दिसले तर कापड फाडील. म्हणून गाडीत मौल्यवान असे काही ठेवायचेच नाही, हा एकच नियम. आसनाखाली लोखंडी पेटी पक्की बसवून घेतली आहे. तिच्यात कागदपत्रे आणि हत्यारे. बाकी पाण्याची बाटली, पंचा आणि एक छत्री, एवढाच संसार. बाजारात गाडी लावून निर्धास्त फिरता येते, ते आत न्यायला काही नाही म्हणूनच.

परंतु या दारांचा खरा परिणाम मला कळला तो नोकरीच्या काळात. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर बँका खेड्यापाड्यांत पोहोचल्या. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी शेती कर्जाच्या पाहणीसाठी आणि पुढे वसुलीसाठी जी गावे पालथी घातली, ती बहुतांशी भाड्याच्या किंवा कार्यालयाच्या कापडी दाराच्या जीपमधून. गाव आले, की गाडी थांबण्यापूर्वीच माणसे दोन्ही बाजूंनी आत डोकावून बोलू लागत. ‘साहेब, विहिरीला पाणी लागलं नाही’, ‘साहेब, बैल विकला’. कापडाला कान असतात. नोटीस हातात असली तरी आधी ऐकावे लागे. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरे चारा छावण्यांत दावणीला होती, आणि रस्त्याकडेला रिकाम्या घागरींच्या रांगा होत्या. तोपर्यंत बऱ्याच कार्यालयांकडे काचा बंद होणाऱ्या, वातानुकूलित गाड्या आल्या होत्या. त्या सोयीच्या होत्या यात शंका नाही. पण काच खाली करायची की नाही, हे आतल्या माणसाने ठरवायचे असते. कापडी दारात ते ठरवण्याची मुभाच नसते. कर्ज बुडीत का जाते, याची जी कारणे मी अहवालांत लिहिली, त्यांतली बरीचशी मला गाडी थांबता थांबता ऐकू आली होती.

आजही दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांचे ताफे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, आणि त्यावर बसलेली मुले. घाटात अशा ट्रॉलीमागे आपली जीप हळूहळू चढत असते तेव्हा लहान मुलाचे रडणे, आईचे समजावणे स्पष्ट ऐकू येते. सहा महिन्यांसाठी घराला कुलूप लावून निघालेली ही माणसे. त्यांच्या आपल्यामध्ये दाराचा पडदा असतो, आणि तो पातळ असतो.

या गाडीवरून घरात एक प्रश्न मात्र उभा राहिला आणि तो गंभीर होता. सौ.ना दम्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी धूळ टाळण्यास सांगितले. लोखंडी दारे आणि काचा बसवून घ्याव्यात, किंवा ही गाडीच काढून टाकावी, असे मुलाचे म्हणणे पडले. आणि ते योग्यच होते. मी लोखंडी दारांची चौकशी करून आलो. त्यावर सौ.नी जे सांगितले ते वेगळे होते. त्या म्हणाल्या, “दारं बदलू नका, माझे महिने बदला.” ऊस-कापसाच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबरपासून उन्हाळा संपेपर्यंत, त्या या गाडीत बसत नाहीत, कुठे जायचे झाल्यास एसटीने किंवा मुलाच्या बंद गाडीने जातात. पहिल्या दोन-चार चांगल्या पावसांनी धूळ बसली, की त्यांचा हंगाम सुरू होतो. औषधाचा पंप पर्समध्ये, डोक्याला रुमाल, आणि शेजारची जागा त्यांची. डॉक्टरांना हे विचारले. त्यांनी काही अटी घालून होकार दिला. श्वासाला त्रास झाला, तर त्या दिवशी गाडी काढून टाकायची, हेही आमच्यात ठरलेले आहे. दर वर्षी जून आला, की मी हा करार पुन्हा मनाशी तपासून घेतो.

सुदैवाने बालाघाट पाहण्याचे दिवसही तेच. मांजरसुंब्याजवळचे कपिलधार, मन्मथस्वामींच्या समाधीचे स्थान, तिथला धबधबा श्रावणात भरून वाहतो. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. याच तालुक्यात मांजरा नदी उगम पावते. नायगावचे मयूर अभयारण्य, जे १९९४ साली घोषित झाले, तेही याच वाटेवरचे. तिथे दारे काढून, गाडी बंद करून नुसते बसावे. मोराची हाक काचेआडूनही येते, पण ती कोणत्या बाजूने आली हे कापडी गाडीतच कळते. परतताना सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. विकणाऱ्या बाईंशी भाव करायला खाली उतरावे लागत नाही. त्याच दारातून आत डोकावून फळ हातावर ठेवतात.

वाचकांपैकी कुणी अशी गाडी घेण्याच्या विचारात असल्यास एवढेच सुचवावेसे वाटते: रोजच्या महामार्गासाठी, लहान बाळासाठी, किंवा श्वासाचा विकार बळावलेल्या माणसासाठी ती नाही. ज्यांना आठवड्यातून एखादा दिवस सावकाश जायचे आहे, त्यांनी घ्यावी. घेताना इंजिनाइतकेच लक्ष दाराच्या खुंट्यांकडे द्यावे. त्या झिजलेल्या असतील तर नवे कापड शिवूनही दार खडखडतच राहते. आणि गावातल्या एखाद्या चांगल्या कारागिराची ओळख आधीच करून ठेवावी. यंदा आमची दारे पाचव्या पावसाळ्यात आहेत. उजवीकडची शिवण सुटू लागली आहे. दसऱ्यापूर्वी ती कारागिराकडे नेईन, कारण त्यानंतर तो ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्यांच्या ताडपत्र्या शिवण्यात गुंतलेला असतो, आणि ते काम माझ्या दारांहून अधिक निकडीचे आहे.