जेवून घ्या

दुखण्याच्या गोळीबद्दल माझं मत पक्कं होतं. उपाशीपोटी घेतली तर ती पोटाला लागते. दोन घास खाऊन घेतली, सोबत ॲसिडिटीची एखादी गोळी असली, की काळजीचं कारण उरत नाही. लोणंदला मेडिकल चालवताना स्ट्रिप कापून हातात देताना ‘जेवून घ्या’ हे मी प्रत्येकाला मनापासून सांगत आले. फार्मसीच्या पुस्तकात याहून बरंच जास्त होतं आणि मला ते पाठही होतं. पण काउंटरवर तेवढं सांगितलं की आपलं काम झालं, असं मी मानत होते. आता तसं मानत नाही.

ब्रुफेन (आयब्युप्रोफेन), व्होवेरान (डायक्लोफिनॅक), झिरोडॉल (एसिक्लोफिनॅक), निमेसुलाइड, मेफ्टाल (मेफेनॅमिक ॲसिड) ही सगळी एकाच कुळातली औषधं. ती काम कशी करतात ते १९७१ साली जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ॲस्पिरिनवर प्रयोग करून दाखवलं आणि १९८२ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जखम झाली, सांधा सुजला की शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यांनीच सूज येते, ठणका लागतो, ताप चढतो. गोळी ही रसायनं तयार होऊ देत नाही. पण याच प्रोस्टाग्लँडिनवर जठराच्या आतलं बुळबुळीत अस्तर टिकून असतं आणि शरीरात पाणी कमी पडलं की किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी राहते तीही त्यांच्यामुळेच. गोळी एकदा रक्तात मिसळली की ती गुडघा, जठर आणि किडनी असा भेद करत नाही.

माझं मत हललं ते इथे. जठराला होणारी मोठी इजा गोळी आतून घासली जाते म्हणून होत नाही, ती रक्तातून होते. म्हणूनच डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन कमरेत टोचलं तरी अल्सर होऊ शकतो. जेवून घेतल्याने जळजळ कमी वाटते, एवढं खरं. पण अल्सरमधून रक्त जायला लागलं तर कित्येकांना पोटात दुखतसुद्धा नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं तरच कळतं. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी जठराला बरंच सांभाळते, मात्र किडनीला तिचा काडीचा उपयोग नाही.

किडनीचं म्हणणं मला गिधाडांनी पटवलं, असं म्हटलं तरी चालेल. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली आणि बराच काळ कारण कळत नव्हतं. २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. जनावरांना दुखण्यासाठी दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं, त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचे पांढरे थर साचत होते. २००६ साली भारताने या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या दुकानाच्या कपाटात हेच औषध होतं आणि त्याच्याबरोबर मी फक्त जेवणाचा सल्ला देत होते, हे वाचल्यावर मनातून जाईना.

मग शेजारच्या वाडीतल्या काकूंचं झालं. बी.पी.साठी त्यांची टेल्मिसार्टनची गोळी चालू होती आणि तिच्यातच लघवीवाटे पाणी काढणारं औषध मिसळलेलं होतं. उन्हाळ कांद्याची काढणी चालू, दिवसभर ऊन, पाणी पिणं नावापुरतं. गुडघे धरले म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी एक गोळी आणली, मुलाने फलटणहून दुसरी आणली. एकीत एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल, दुसरीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. एकाच कुळातली दोन औषधं आणि वर पॅरासिटामॉल दुप्पट. त्यात जुलाब लागले. पायावर सूज आली, लघवी कमी झाली, तपासणीत किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून तीनच्या वर निघालं. दवाखान्यात सलाईन लावलं, दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, तेव्हा हळूहळू ते उतरलं. नंतर काकू प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या स्ट्रिपा घालून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “ताई, एकबी गोळी मी उपाशीपोटी घेतली न्हाई.” त्या खरं सांगत होत्या. पाण्याचा तुटवडा, बी.पी.ची गोळी, लघवीचं औषध आणि दुखण्याची गोळी, या सगळ्यांनी मिळून किडनीचा रक्तपुरवठा तोडत आणला होता. भाकरी खाल्ल्याने त्यात काही फरक पडणार नव्हता.

ज्येष्ठाच्या अखेरीस माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला येते. त्या दिवसांत दुकानासमोर रांग असते आणि मागणी एकच, “पॉवरची गोळी द्या.” साठी-सत्तरीची माणसं, मैलोन्‌मैल चाललेली, घामाने निथळलेली. लघवीला जायची सोय नाही म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या पिशवीत बी.पी.च्या गोळ्या असतात. किडनीवर ताण पडायला याहून वेगळं काय लागतं? आता मी आधी ओआरएसचं पाकीट पुढे करते, बी.पी. आहे का, किडनीचं काही आहे का, पोटात कधी अल्सर झाला होता का, ते विचारते. मग पॅरासिटामॉल आणि पायाला लावायला जेल देते. जेलबद्दलही माझं मत बदललं. मलम म्हणजे मनाचं समाधान, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात डायक्लोफिनॅकची जेल लावल्यावर गोळीच्या मानाने अगदी थोडं औषध रक्तात उतरतं आणि गुडघ्याच्या, बोटांच्या झिजेच्या दुखण्यावर तिचा उपयोग होतो. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी गोळीच्या आधी लावायचं औषध सांगितलं आहे.

हे वाचून कुणी गोळ्यांना घाबरून बसू नये. पाळी आली की अंथरुणाला खिळणाऱ्या मुलींना घरात अजून सांगितलं जातं, “सहन कर, गोळीने सवय लागते.” हे मला अजिबात मान्य नाही. पाळीची कळ मुळात प्रोस्टाग्लँडिनमुळेच उठते, म्हणून मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन तिथे नेमकं लागू पडतं. मुलीची तब्येत एरवी धडधाकट असेल, पोटाचा किंवा किडनीचा आजार नसेल, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत दोन-तीन दिवस ही गोळी घेण्यात वावगं काही नाही. कळ वाढेपर्यंत थांबण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली बरी. तिची सवय लागत नाही.

पावसाळ्यातल्या तापाचं मात्र वेगळं. डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो; निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावं. गरोदर बाईने पाचव्या महिन्यानंतर या कुळातली गोळी मनाने घेऊ नये. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयब्युप्रोफेन घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण ते ॲस्पिरिनचं काम अडवू शकतं.

कायद्याने डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही शेड्यूल एचमधली औषधं आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. प्रत्यक्षात ती कुठे आणि कशी मिळतात हे वाचकांना मी सांगायला नको. आमच्या धंद्यातल्या माणसांनी ‘जेवून घ्या’ म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. आणि तुम्ही दुखण्याची गोळी मागायला याल तेव्हा घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत आणा. मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल.