पाणी बघायचं गाव

आमच्या धाराशिवकडं ‘पाणी बघणं’ म्हणजे एकच. बोअर पाडायच्या आधी पाणाड्याला बोलवायचं. तळहातावर नारळ आडवा धरून तो रान पालथं घालतो, आणि नारळ उभा राहिला की तिथं दगड मांडून खूण करायची. वडिलांनी आमच्या रानात असं तीनदा पाणी बघितलं. दोनदा मशीननं नुसता फुफाटा वर टाकला. अशाच एका वर्षी, पाऊस उशिरा का होईना पण चांगला झाल्यावर, कुणीतरी सांगत आलं की नळदुर्गाला पाणी सुटलंय. वडील म्हणाले, ‘‘चला, पाणी बघून येऊ.’’ या शब्दांना दुसराही अर्थ असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तुळजापूरला देवीपुढं हात जोडायचे आणि पुढची एस.टी. धरायची. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं लहानसं गाव. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसतात ती हॉटेलं, टायरची दुकानं आणि त्यांच्या मागं एक लांबच लांब काळी तटबंदी. बहुतेक गाड्या थांबत नाहीत. बालाघाटाच्या रांगांतून येणारी बोरी नदी इथं वळण घेते आणि पुढं दक्षिणेला भीमेकडं जाते. त्या वळणातल्या काळ्या खडकावर किल्ला, पलीकडच्या काठावर रणमंडळ नावाचा त्याचाच धाकटा भाऊ, आणि दोघांना जोडणारा नदीच्या पात्रातला दगडी बंधारा. गावाला नाव नळराजावरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. चालुक्य, बहमनी, आदिलशाही, मोगल, निजाम, सगळ्यांचे हात या तटाला लागले.

पण मला सांगायचंय ते त्या बंधाऱ्याबद्दल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं तो 1613 मध्ये बांधून घेतला. मीर महंमद इमादीन हे बांधणाऱ्याचं नाव सांगतात. पाणी अडवायला नुसती भिंत पुरली असती. यांनी भिंतीच्या पोटात जिना उतरवला, खोल्या काढल्या, सज्जा ठेवला. हाच पाणीमहाल. वर नदी तुंबते, माथ्यावरच्या दोन वाटांनी ओसंडते आणि महालाच्या तोंडासमोरून खाली झेपावते. त्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. आत उभं राहिलं की डोक्यावर नदी, पाठीशी नदी, पुढ्यात पडदा धरल्यासारखी नदी, आणि माणूस कोरडा.

वडिलांनी भिंतीला तळहात लावला, नारळ धरताना ठेवतात तसा उताणा नव्हे, पालथा. बराच वेळ तसाच ठेवला. आवाज एवढा की बोलणं शक्य नव्हतं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘चारशे वर्षं झाली, अजून कोरडी आहे.’’

तेव्हापासून मी या महालाचा विचार करत आलो आहे. इब्राहिम आदिलशहा गाण्याचा वेडा. ‘किताब-ए-नवरस’ त्यानं लिहिलं. पण केवळ शौक म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. आमचा मुलूख अवर्षणाचा. शेजारच्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्याला घागरभर पाण्यासाठी टँकरमागं धावावं लागतं, त्याला पाणी नुसतं बघत बसण्याचीही भूक असते. ती भूक खरी आहे, असं मानून दगडात जागा करून ठेवणारा माणूस मला मोठा वाटतो. किल्ल्यातला उंच उपळ्या बुरूज, त्यावरच्या तोफा, पाकळ्यापाकळ्यांचा नवबुरूज, हे सगळं बघण्यासारखं आहे. पण ते शत्रूसाठी केलेलं. पाणीमहाल तेवढा आपल्या माणसांसाठी.

एके काळी आपल्या जिल्ह्याचं नावच नळदुर्ग होतं. 1853 मध्ये निजामानं हा भाग इंग्रजांच्या कारभाराखाली दिला तेव्हा फिलिप मेडोज टेलर इथं अधिकारी म्हणून आला. ठगांवरच्या कादंबरीनं तो आधीच प्रसिद्ध झालेला होता. कचेऱ्या पुढं धाराशिवला गेल्या आणि नळदुर्ग मागं राहिलं.

त्यानंतर एकदाच सगळ्या देशाचं लक्ष इकडं वळलं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या, तेव्हा पहिला अडसर नळदुर्गचा. बोरीवरचा पूल उडण्याआधी हाती येणं महत्त्वाचं होतं. तो शाबूत हाती आला. त्याच दिवशी इथं हवालदार बचित्तर सिंग कामी आले. अशोकचक्राचे ते पहिले मानकरी. मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत हे नाव 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, घेतलं गेलं पाहिजे.

आणि देव. नळदुर्गाचा आणि शेजारच्या अणदूरचा खंडोबा एकच. देवळं दोन, मूर्ती एक. सव्वादहा महिने ती अणदूरला असते, पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. पौष पौर्णिमेला यात्रा भरते, भंडाऱ्यानं वाट पिवळी होते. पाण्यासारखी अवघड वस्तूही अशी कागद करून वाटून घेता येईल का, हा प्रश्न मला त्या गर्दीत दरवेळी पडतो.

देवाला यायचं तर पौषात या. पाण्याला यायचं तर बोरीवरचं, किल्ल्याच्या वरच्या अंगाचं धरण भरल्याची बातमी वाचली की त्याच आठवड्यात निघा. आत गेल्यावर भिंतीवर नाव कोरू नका, हात ठेवा. नर आणि मादी दोन्ही धारा एकदम पडण्याचे दिवस वर्षातून थोडेच असतात, आणि काही वर्षी ते येतच नाहीत.