आतले पाणी

बॅनबरी हे इंग्लंडमधील गाव मला एका पुस्तकामुळे ठाऊक होते. एल. टी. सी. रोल्ट यांनी 1939 च्या उन्हाळ्यात तिथल्या टूलींच्या गोदीत ‘क्रेसी’ ही जुनी लाकडी नाव राहण्याजोगी करून घेतली आणि पत्नीसह ते कालव्यांवरून प्रवासाला निघाले. त्या प्रवासाचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944 साली प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट एकमन यांनी रोल्टना पत्र लिहिले आणि 1946 साली मोडकळीला आलेले कालवे वाचवण्यासाठी एक संघटना उभी राहिली. पुस्तकामुळे जगात काही घडते का, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हे उदाहरण देत आले आहे.

2022 च्या ऑक्टोबरात याच गावाजवळ, ऑक्सफर्ड कालव्यावर, मामेभावाच्या बोटीवर मी नऊ दिवस राहिले. त्यांपैकी निदान पाच दिवस आम्ही दोघे इंजिनखोलीच्या तोंडाशी ओणवे होतो.

‘इंजिनखोली’ हा शब्दही मोठाच झाला. नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद असते, कारण कालव्यावरचे अरुंद बंधारे-दरवाजे त्याहून रुंद बोटीला वाट देत नाहीत. मामेभावाची बोट सत्तावन्न फूट लांब होती. तिच्या मागच्या टोकाला, आपण उभे राहून सुकाणू धरतो त्या फळ्यांच्या खाली एक खड्डा, आणि त्यात इंजिन, बॅटऱ्या, तारा, नळ्या, हत्यारांची पेटी. खाली वाकले की कुबट वास येई. श्रावणात उघडलेल्या पुस्तकांच्या कपाटाचा असतो तसाच, फक्त त्यात डिझेल मिसळलेले.

निमित्त असे झाले की त्या उन्हाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून तिची तपासणी झाली होती. तपासनीस हातोडीने पत्रा वाजवत जातो आणि यंत्राने जागोजाग जाडी मोजतो. बाहेरून बोट उत्तम होती, कारण दर तीन वर्षांनी मामेभाऊ तिला इमानाने डांबराचा हात देत असे. पण मागच्या डाव्या कोपऱ्यात 6 मि.मी. पत्रा 3.6 वर आला होता. साधारण 4 मि.मी.च्या खाली गेले की विमा कंपन्या कुरकुर करू लागतात. विमा नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर कालव्यावर राहता येत नाही. शहरातले घर विकून त्याने ही बोट घेतली होती. दुसरे घर त्याला नव्हते.

“ताई, कालव्यानं नाही खाल्लं तिला,” तो म्हणाला. “आतून गेलीये.”

हे मला पटायला वेळ लागला. पाण्यावर राहणाऱ्या माणसाची भीती बाहेरच्या पाण्याचीच असणार, असे आपण धरून चालतो. ती भीती खोटी नाही. त्या पाण्यासाठी डांबर असते. बुडाला जोडलेले मॅग्नेशियमचे ठोकळेही असतात; ते पोलादाऐवजी स्वतः झिजतात. (किनाऱ्यावरून वीज घेतली की अर्थिंगच्या तारेने शेजारच्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात आणि आपला ठोकळा शेजाऱ्याच्या बोटीसाठी झिजू लागतो. त्यावरचा उपाय म्हणून एक डबी त्या तारेत बसवतात. शेजारधर्माचे इतके नेमके यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही.) पण हा सगळा बंदोबस्त बाहेरचा. आतले पाणी निराळ्याच वाटांनी येते.

पहिली वाट आकाशाची. फळ्यांच्या कडांखाली लोखंडी पन्हळी असतात. फटींतून गळलेला पाऊस त्यांतून बाहेर जावा अशी योजना. मामेभावाची बोट तीन शरद ऋतू एका विलोच्या झाडाखाली उभी होती. पन्हळींत पानांचा काळा लगदा झाला होता आणि पाणी बाहेर जायचे ते कडेवरून आत सांडत होते. तो लगदा मी जुन्या चमच्याने खरवडून काढला; दीड बादली निघाला. दुसरी वाट पंख्याच्या दांड्याची. हा दांडा बोटीतून बाहेर जातो तिथे ग्रीस भरलेली चुंभळ असते आणि ती थोडी ठिबकतेच. दिवसअखेर पितळी मूठ जराशी पिळून ग्रीस पुढे ढकलायचे, पडलेले थेंब वेगळ्या कप्प्यात धरायचे, एवढेच हातात. इंजिनाखालच्या ताटलीतले तेल मात्र त्या पाण्यात मिसळू द्यायचे नाही, नाहीतर पंप ते सरळ कालव्यात ओततो.

तिसरी वाट मला सर्वांत आवडली, आणि बहुधा तीच सर्वांत वाईट. चार तास इंजिन चालले की तो खड्डा उबदार होतो. तळाशी पाणी साचलेले असेल तर त्याची वाफ हवेत भरते. पत्र्याच्या पलीकडे मात्र थंडगार कालवा असतो. इंजिन बंद केल्यावर तासाभराने बॅटरीचा उजेड टाकला तर आतला पत्रा थेंबांनी डवरलेला दिसे. “याला मराठीत काय म्हणतात?” मामेभावाने विचारले. मी अध्यापकाच्या सवयीने ‘संघनन’ म्हणाले. तो हसला. “आत्या म्हणायची ना, माठाला घाम आला!” आत्या म्हणजे माझी आई. मला मग ‘दहिवर’ आठवले. आपल्या कवितेत दहिवर गवतावर पडते, पहाटे पडते, सुंदरच असते. बंद खोलीत, पोलादावर, रोज रात्री पडणारे दहिवर आपल्या संकेतात बसत नाही.

थंडी लागते म्हणून त्याने हवेची भोके फडक्यांनी बुजवली होती. ती आम्ही प्रथम मोकळी केली. मग स्पंजाने तळ कोरडा केला, तारेच्या ब्रशाने गंज घासला. त्याचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटत होते. पातळ कोपऱ्यावर गोदीत नवा पत्रा वेल्ड करावा लागणार होताच, त्याचे पैसे त्याने बाजूला काढले होते. उरलेल्या भागाला गंजरोधक अस्तर आणि त्यावर फिकट राखाडी रंग. गडद का नाही, असे मी विचारले. फिकटावर गळती लगेच दिसते, हे उत्तर. बॅटरीच्या टोकांवरची हिरवी बुरशी पुसून, जोड घट्ट करून वरून व्हॅसलिन लावले. गुडघे दुखले, नखे आठवडाभर काळी राहिली.

एका संध्याकाळी पुन्हा ‘नॅरो बोट’ चाळायला घेतले. रोल्ट हे शिक्षणाने यांत्रिकी अभियंता. त्यांनी यंत्राबद्दल, लाकडाच्या सांध्यांबद्दल जे काही लिहिले असेल ते मी पहिल्या वाचनात भराभर ओलांडले असणार, कारण माझ्या लक्षात कालवाकाठची गावे, नावाडी कुटुंबे आणि संधिप्रकाश एवढेच राहिले होते. ही उणीव लेखकाची नाही, माझी आहे, आणि तशाच वाचनावर मी वीस वर्षे गुण देत आले.

निघताना माझ्या सामानातले लाडवांचा डबा गुंडाळलेले मराठी वर्तमानपत्र त्याने ठेवून घेतले. थेंब कुठे पडतो ते कळावे म्हणून ते तो इंजिनाखाली पसरणार होता. नवा पत्रा डिसेंबरात बसला. मार्चमध्ये त्याचा फोन आला.

“ताई, अग्रलेख कोरडा आहे.”

“आणि बाकीचं पान?”

“छोट्या जाहिरातींवर एक डाग आहे. रुपयाएवढा. बघतोय कुठून येतोय.”