दोन पाय, एक टाळी



पंधरा ऑगस्ट जवळ आला की समूहगीताची तयारी सुरू होते. पंचवीसेक मुलं ओळीत उभी असतात आणि त्यात एखाद्याचा सूर असा काही वेगळा लागतो की सगळं गाणं त्याच्या मागे घसरत जातं. अशा वेळी तुम्ही काय करता? मी काय केलं ते आधी सांगते. चौथीतल्या त्या मुलाजवळ गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "तू नुसते ओठ हलव."

त्याने मान डोलावली. पंधरा ऑगस्टला त्याने इतके मनापासून ओठ हलवले की पाहुण्यांना काही कळलंच नाही. गाणं छान झालं. सरपंचांनी कौतुकही केलं.

आता खरी गोष्ट. सहावीत असताना मलाही अगदी हेच वाक्य ऐकवलं गेलं होतं. तेव्हापासून मी घरच्या आरतीतसुद्धा आवाज दाबूनच म्हणते. म्हणजे हे वाक्य काय करतं ते मला चांगलं माहीत होतं. तरी तेच तोंडातून निघालं. घाई होती, वरिष्ठ येणार होते, वगैरे वगैरे. कारणं आपल्याकडे नेहमीच तयार असतात.

हे सगळं डोक्यात परत आलं ते एका गाण्यामुळे, आणि तेही इंग्रजी, हार्ड रॉक प्रकारातल्या. 'वी विल रॉक यू' हे त्याचं नाव. नाव ओळखीचं नसलं तरी ठेका तुम्ही नक्की ऐकला असेल. कुठल्या ना कुठल्या मैदानावर प्रेक्षक दोनदा पाय आपटतात आणि एक टाळी वाजवतात. धप, धप, टाळी. धप, धप, टाळी. तेच ते. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट लावला होता. त्यात हे गाणं तयार होतानाचा प्रसंग आहे. मी नंतर शोधून वाचत गेले आणि त्यात बरीच अडकले. (चित्रपटात तो प्रसंग १९८० सालचा दाखवलाय. गाणं प्रत्यक्षात १९७७ चं आहे. मुलांना चित्रपटातून इतिहास शिकवताना एवढं लक्षात असू द्या!)

आधी या गाण्याचं आपल्या मातीशी असलेलं नातं सांगते. क्वीन या इंग्लंडमधल्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं मूळ नाव फारुख बलसारा. पारशी कुटुंबातला मुलगा. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. हो, आपल्या शिक्षक दिनाचीच तारीख. आठेक वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवलं ते आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. आपण सहलीची एसटी घेऊन महाबळेश्वरला जातो, वाटेत टेबललँडवर मुलं घोड्यांसाठी हट्ट धरतात, तीच पाचगणी. वसतिगृहात राहून तो पियानो शिकला आणि १९५८ मध्ये पाच मुलांनी मिळून शाळेतच 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? त्या बँडचा मुख्य गायक फारुख नव्हता. गायला दुसराच मुलगा होता. पुढे ज्याच्या आवाजाचं जगाला वेड लागलं, तो शाळेत पियानोवर बसायचा आणि मागून साथ द्यायचा.

पण 'वी विल रॉक यू' फ्रेडीने लिहिलेलं नाही, त्याने ते गायलं. लिहिलं ते बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने. १९७७ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला बिंगली हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, तरी लोक जागचे हलेनात. उलट ते सगळे मिळून फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते एक गाणं बँडलाच म्हणून दाखवायला लागले. मे विचारात पडला. इतकी माणसं खेटून उभी आहेत, हलायला जागा नाही, हातात वाद्य नाही. त्यांना आपल्या गाण्यात काय करायला देता येईल? पाय आपटता येतील. टाळी वाजवता येईल. आणि एखादी सोपी ओळ एकत्र म्हणता येईल. दुसऱ्या दिवशी उठला तेव्हा गाणं डोक्यात तयार होतं, असं त्याने पुढे सांगितलंय.

मला इथे थांबावंसं वाटलं. आपण गाणं आधी निवडतो आणि मग त्याला मुलं बसवतो, न बसणाऱ्याला बाजूला करतो. या माणसाने आधी समोरच्या लोकांना काय जमेल ते पाहिलं आणि मग गाणं केलं.

ध्वनिमुद्रण लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत झालं. ती जुनी इमारत चर्चच्या सभागृहाची होती. तिथे काही जुन्या लाकडी फळ्या पडलेल्या होत्या, त्यांच्यावर पाय आपटला की आवाज दणदणीत यायचा. त्याच फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून ठेका मुद्रित केला, पुन्हा पुन्हा, एकावर एक. गाण्यात ड्रम नाही आणि बास गिटारही नाही. दोन मिनिटांचं गाणं, त्यात गिटार येते ती अगदी शेवटी. बाकी सगळं पाय, टाळी आणि आवाज.

आता गणिताच्या शिक्षकांनी कान द्यावा. मूठभर माणसांच्या टाळ्या हजारोंच्या कशा वाटाव्यात? मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. (बँडसाठी अर्धवट सोडलेली खगोलशास्त्रातली पीएच.डी. त्याने २००७ मध्ये, साठीला पूर्ण केली. विषय होता सूर्यमालेतली धूळ!) त्याने त्याच आवाजाच्या प्रती थोड्या थोड्या उशिरा वाजतील अशा मिसळल्या. जणू काही माणसं जवळ उभी आहेत, काही लांब. आणि ही अंतरं त्याने मूळ संख्यांच्या हिशोबात ठेवली, म्हणजे आवाज एकमेकांशी जुळून साधा प्रतिध्वनी वाटणार नाही, गर्दी वाटेल.

माझ्याकडे चौथी-पाचवीचा जोडवर्ग आहे. पाचवीला मूळ संख्या आहेतच. मी मुलांचे दोन गट केले. मी एक, दोन, तीन असं मोजत जायचं, एका गटाने दर चौथ्या अंकाला टाळी द्यायची, दुसऱ्याने दर सहाव्या. बाराला दोघांची टाळी एकत्र पडली, मग चोविसाला, मग छत्तिसाला. मुलांनी लगेच ओळखलं, "मॅडम, आता अठ्ठेचाळीस!" मग गट बदलले, एक पाचाचा आणि दुसरा सातचा. आता वाट बघत बसायची वेळ आली. पार पस्तिसापर्यंत टाळी जुळली नाही. पस्तिसाला जुळली तेव्हा वर्गात जो आरडाओरडा झाला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. मला तिथल्या मॅडमची माफी मागावी लागली. पण लसावि शिकवताना मला इतकी कमी मेहनत कधीच पडली नव्हती.

नंतर ठेक्याकडे वळलो. आमच्या वर्गात शहाबादी फरशी आहे, तिच्यावर पायाचा आवाज मेल्यासारखा येतो. मुलांनीच उपाय काढला. सामानाच्या खोलीत जुना लाकडी फळा पडून होता, तो आणून फरशीवर आडवा टाकला. त्यावर चौघांनी पाय आपटले आणि धूळ उडाली, पण आवाज काय आला म्हणता!

एक सांगते, हा ठेका वाटतो तितका सोपा नाही. धप, धप, टाळी आणि मग चौथ्या मात्रेला गप्प. मुलांना गप्प राहवत नाही. ती पुढे पळतात, ठेका चढत जातो आणि दहाव्या फेरीला गाडी रुळावरून उतरते. तुम्हीही घरी करून बघा. आमच्या वर्गात तीन वेळा असंच झालं. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की एकच जण पळत नाहीये. टाळी दिली की तो हात तसेच धरून थांबायचा, आणि बरोबर वेळेला पाय उचलायचा. तोच मुलगा. ओठ हलवणारा.

मी त्याला फळ्यावर मध्ये उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "याच्या पायाकडे बघा." त्यानंतर ठेका सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी एक पालक आले. "मॅडम, पोरं घरी नुसती धपाधपा नाचतायत, हे काय नवीन?" मी गाणं सांगितलं तर त्यांना फारसं पटलं नाही. मग म्हटलं, निवृत्तीनाथांची पालखी नगरवरून पंढरपूरला जाते, तेव्हा दिंडीत प्रत्येकाला गाता येतं का? पण पाय सगळ्यांचे पडतात आणि टाळी सगळ्यांची असते. ते हसले. "ते वेगळं हो," म्हणाले. असेलही वेगळं. पण त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी पाट घेऊन शाळेत आला, आपटायला.

गाण्याचं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगते. ऑक्टोबर १९७७ मध्ये ते फ्रेडीने लिहिलेल्या 'वी आर द चॅम्पियन्स' बरोबर एकाच तबकडीवर आलं, आणि तेव्हा ते तबकडीच्या दुसऱ्या बाजूला होतं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर सत्तर हजारांहून जास्त लोकांनी या ठेक्यावर हात उंचावले. फ्रेडी १९९१ मध्ये गेला. ठेका मात्र आता कुणाचाच राहिलेला नाही. मैदानावर तो वाजवणाऱ्या कित्येकांना क्वीनचं नावही माहीत नसतं.

सव्वीस जानेवारीच्या समूहगीताला आम्ही पायांचा ठेका घेतला. मैदानाच्या कडेला जुना फळा, त्यावर चार मुलं आणि मध्ये तो. त्याआधी सरावाच्या वेळी मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "मागच्या वेळी मी तुला चुकीचं सांगितलं होतं. या वेळी तू गायचंही हं, मोठ्याने." मला वाटलं होतं तो खूश होईल.

त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "नको मॅडम. मी पायच वाजवतो."